कातळशिल्पं पाहायला जाताना: आधी गाव, मग देऊळ, मग सडा

दर हिवाळ्यात एक तक्रार हमखास कानावर येते. "एवढं ऐकून गेलो, भर उन्हात तासभर सड्यावर भटकलो, कातळावर चार रेघा दिसल्या, परत आलो." बोलणाऱ्याचा हिरमोड खरा असतो. पण थोडी चौकशी केली की कळतं, तो पोचला दुपारी साडेबाराला, गावात कुणाला विचारलं नाही, मोबाइलवरच्या खुणेवर भरवसा ठेवून गाडी थेट सड्यावर, म्हणजे टेकडीमाथ्याच्या उघड्या सपाट कातळावर, घातली आणि बहुधा चित्रावरच उभा राहून चित्र शोधत होता.

कोकणातली कातळशिल्पं देवळासारखी उभी नसतात. जांभ्याच्या सपाट कातळात, जमिनीलगत, कोरलेल्या रेषा असतात त्या. ऊन तिरकं असेल तरच दिसतात, दाखवणारा असेल तर दुप्पट दिसतात. म्हणून पाहण्याचा क्रम महत्त्वाचा: आधी गाव, मग देऊळ, मग सडा आणि शेवटी चित्र. बहुतेक जण हा क्रम उलटा करतात. खाली सगळं टप्प्याटप्प्यानं लिहितो आहे. पहिले तीन टप्पे घरी बसून करायचे आहेत, आणि चुका सगळ्यात जास्त तिथेच होतात.

टप्पा १: महिना आणि वेळ ठरवा

डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. पावसाळा संपला तरी ऑक्टोबर-नोव्हेंबरात सड्यावर कमरेएवढं गवत असतं, रेषांत माती आणि सुकलेलं शेवाळ बसलेलं असतं. गवत कापून झालं, कातळ उघडा पडला, की चित्रं मोकळी होतात. मार्च उजाडला की सडा तापू लागतो, आणि एप्रिल-मेमध्ये सकाळी नऊनंतर तिथे उभं राहणं शिक्षा आहे.

महिन्यापेक्षाही वेळ जास्त मोलाची. रेषा कित्येक ठिकाणी बोटाच्या पेराएवढ्याच खोल आहेत. सूर्य डोक्यावर आला की त्यांची सावली पडत नाही आणि काळपट-तांबडा कातळ सगळा सारखाच दिसतो. सूर्य क्षितिजाजवळ असताना मात्र रेषेची एक कड उजळते, दुसरी काळी पडते, आणि ज्या जागी मघाशी काहीच नव्हतं तिथे हत्तीची सोंड उमटते. हिवाळ्यात सकाळी सव्वासात ते नऊ आणि संध्याकाळी साडेचार ते सूर्यास्त, एवढाच वेळ कामाचा. मधले तास गाव, देऊळ, जेवण आणि प्रवासासाठी ठेवा.

पावसाळ्यात जायचंच असेल तर सड्याची फुलं पाहायला जा. ऑगस्ट-सप्टेंबरात सीतेची आसवं, गेंद, तेरडा यांनी कातळ झाकून जातो, आणि त्याआधी पहिल्या पावसांत दीपकाडीची पांढरी फुलं येतात. ती सहल वेगळी आखावी. त्या दिवसांत कातळावर बुळबुळीत शेवाळ असतं आणि चित्रं पाण्याखाली किंवा गवताखाली असतात. दोन्ही एकाच फेरीत साधायला गेलात तर एकही धड होत नाही.

*तपासा:* तुमच्या तारखा शिमग्यात किंवा गणपतीत येत नाहीत ना? त्या दिवसांत गावात पाहुणे, पालखी, आरत्या सुरू असतात. तुम्हाला सड्यावर न्यायला कुणाला सवड नसते, आणि ती अपेक्षा ठेवणंही बरं नाही. शिमगा पाहायचा असेल तर शिमगाच पाहायला जा.

टप्पा २: जागा निवडा, दिवसाला दोनच

रत्नागिरी जिल्ह्यात दीड हजारांहून जास्त चित्रं नोंदली गेली आहेत. २०२२ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत कोकणातली नऊ ठिकाणं आली. त्यांतली सात रत्नागिरी जिल्ह्यात आहेत: उक्षी, जांभरुण, कशेळी, रुंढेतळी, देवीहसोळ, बारसू आणि देवाचे गोठणे. आठवं सिंधुदुर्गातलं कुडोपी, नववं गोव्यात कुशावती नदीच्या काठावरचं फणसायमाळ. पहिल्यांदा जाणाऱ्यानं या यादीबाहेर जाऊ नये. बाकीच्या बऱ्याच जागा खाजगी जमिनीत आहेत, खुणा नाहीत, आणि अनोळखी माणसाच्या पायाखाली चित्र येण्याचा धोका तिथे सगळ्यात जास्त.

नऊची नऊ ठिकाणं दोन दिवसांत "करून टाकण्याचा" बेत आखू नका. चांगलं ऊन दिवसातून दोनदाच मिळतं, म्हणजे ठिकाणंही दोनच. माझ्या हिशेबानं पुढच्या जोड्या जमतात.

उक्षी आणि जांभरुण ही दोन्ही रत्नागिरी तालुक्यात, नवख्यांसाठी सगळ्यात सोपी. उक्षीला गावकऱ्यांनी हत्तीच्या चित्राभोवती कठडा बांधून थोडं उंचावरून पाहायची सोय केली आहे. कातळावरचं चित्र कसं ओळखायचं हे डोळ्याला तिथे समजतं, म्हणून सुरुवात उक्षीपासून करा. जांभरुणला एकाच जागी पुष्कळ चित्रं दाटीनं आहेत. उक्षीत डोळा तयार झाला की ती सुटी सुटी दिसू लागतात.

कशेळीसाठी रत्नागिरीहून पावस, पूर्णगड असा किनाऱ्याचा रस्ता धरा. तिथला हत्ती साधारण १८ मीटर लांब आणि १३ मीटर उंच आहे आणि त्याच्या पोटात लहान लहान प्राणी कोरलेले आहेत. गावात कनकादित्याचं जुनं सूर्यमंदिर आहे, मधल्या वेळेला तेच योग्य.

बारसू आणि देवाचे गोठणे राजापूर तालुक्यात, एकमेकांपासून जवळ. बारसूला एका माणसाच्या दोन्ही बाजूंना दोन वाघ आहेत. देवाचे गोठण्याला भार्गवरामाच्या देवळाच्या वरच्या अंगाला सड्यावर मानवाकृती आहे. तिच्याविषयी पुढे सांगतो.

रेल्वेनं येणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं: राजापूर रोड हे स्टेशन राजापूर गावापासून बरंच लांब आहे. उतरल्यावर वाहन मिळेल या भरवशावर राहू नका, आदल्या दिवशी ठरवून ठेवा. उक्षीला कोकण रेल्वेचं स्टेशन आहे, पण तिथे थोड्याच गाड्या थांबतात.

टप्पा ३: पिशवी भरा

सड्यावर झाड नाही, विहीर नाही, टपरी नाही. माणशी किमान दोन लिटर पाणी, कानांवर येणारी टोपी, मीठ-साखर किंवा ओआरएस, पूर्ण बाह्यांचा सुती सदरा, घोट्यापर्यंतचे जोडे. याशिवाय चार वस्तू बहुतेकांच्या यादीत नसतात:

– जाड मोज्यांचा एक जोड. चित्राजवळ जोडे काढावे लागतात आणि जांभा पायाला टोचतो.
– पानभर रेखाटनं मावतील अशी वही आणि पेन्सिल.
– खरं चुंबकीय होकायंत्र, मोबाइलमधलं नको. देवाचे गोठण्याला लागेल.
– रिकामी पिशवी, आपला कचरा परत आणायला.

खडू, चुना, रांगोळी, रंग, तारेचा ब्रश, खराटा, यांतलं काहीही नेऊ नका. "रेषा जरा उठून दिसाव्यात" म्हणून लोक खडू फिरवतात, आणि जांभ्याच्या बारीक छिद्रांत बसलेली पूड सहजी निघत नाही. ड्रोनसाठी नियम आहेत, परवानगी लागू शकते, आणि सड्यावर टिटव्यांची घरटी असू शकतात. ड्रोन घरीच ठेवा.

*सावधान:* रत्नागिरीच्या कातळावर फुरसं हा विषारी साप पुष्कळ. वीतभराचं, दगडाच्याच रंगाचं. बसण्यापूर्वी दगड नीट पाहा, दगडाखाली किंवा गवताच्या झुपक्यात हात घालू नका. चावलंच तर वर करकचून काही बांधू नका, कापू नका, चोखू नका. तो भाग हलवू न देता १०८ ला फोन करा आणि सर्पदंशावरची लस असेल अशा सरकारी रुग्णालयात थेट जा. अशा रुग्णालयाचा पत्ता आदल्या दिवशीच माहीत करून घ्या. सड्यावर फोनला रेंज असेलच असं नाही.

टप्पा ४: आधी गावात जा

इथेच क्रम बिघडतो. मोबाइलच्या नकाशावर एखाद्यानं कातळशिल्पाची खूण टाकलेली असते, ती चारशे मीटर इकडे किंवा तिकडे असते, आणि लोक गाडी सरळ सड्यावर घालतात. तसं करू नका. गाडी वाडीत, कुणाच्या बेड्याला, म्हणजे आडव्या बांबूंच्या फाटकाला, आड येणार नाही अशी लावा आणि माणसं शोधा.

कुणाला विचारायचं? ग्रामपंचायत उघडी असेल तर तिथे. नसेल तर देवळाचा गुरव, पोलीस पाटील, किंवा पारावर बसलेलं कुणीही वडीलधारं माणूस. "कातळशिल्प" हा शब्द सगळ्यांच्या ओळखीचा असेल असं धरून चालू नका. कुठे "सड्यावरची चित्रं" म्हणतात, कुठे "पांडवांची चित्रं". दोन-तीन तऱ्हेनं विचारा. "काका, सड्यावरची चित्रं बघायला आलोय, कुठल्या वाटेनं जाऊ? कुणाची जमीन आहे?" एवढं पुरतं. जमीन कुणाची हा प्रश्न मुद्दाम विचारायचा, कारण पुष्कळ चित्रं मालकीच्या जागेत आहेत आणि मालकाला न सांगता जाणं म्हणजे दुसऱ्याच्या अंगणात शिरणं आहे.

सोबत कुणी येत असेल तर त्याचा वेळ म्हणजे त्याचा रोज आहे. भात झोडायचे दिवस असतील, आंब्याच्या कलमांना मोहोर आला असेल, फवारणी चालू असेल. निघण्यापूर्वीच मोकळेपणानं विचारा, "भाऊ, तुमचा अर्धा दिवस जाईल, किती द्यायचे?" परत आल्यावर हातात शंभराची नोट कोंबणं दोघांनाही अवघडल्यासारखं होतं. जेवणाचंही असंच. एखाद्या घरी घावणे, कुळथाची पिठी, भात, सोलकढी अशी सोय होऊ शकते, पण ती आदल्या दिवशी सांगितली तर. दुपारी एक वाजता सहा जणांनी दारात उभं राहून "काही मिळेल का?" विचारलं, तर त्या घरातल्या मावशी नाही म्हणणार नाहीत, आणि त्यांची स्वतःची दुपार तुमच्या भाकरीत जाईल.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा यातलं काही केलं नव्हतं. भर दुपारी सड्यावर एकटाच हिंडत होतो. गुरांमागून एक आजी आल्या, काठी टेकून उभ्या राहिल्या, बराच वेळ माझ्याकडे पाहत होत्या. मग म्हणाल्या, "बाबा, वाघाच्या पाठीवर उभा आहेस." मी खाली पाहिलं. काहीच दिसेना. त्यांनी काठीच्या टोकानं, कातळाला न टेकवता, हवेतच एक वळण काढलं: मान, पाठ, शेपूट. तेव्हा दिसलं. माझ्या बुटांच्या दोन्ही बाजूंनी रेषा गेल्या होत्या.

टप्पा ५: देवळात जा

सड्यावरच्या जागा आणि गावचं दैवत यांचा संबंध पुष्कळ ठिकाणी अजून जिवंत आहे. देवीहसोळला आर्यादुर्गेच्या देवळाजवळच चौकोनी, आतून गुंतागुंतीच्या नक्षीचं कातळशिल्प आहे, आणि देवीच्या उत्सवात त्या जागेला मान आहे. ज्यांनी ते कोरलं त्यांच्याबद्दल आपल्याला फार थोडं ठाऊक आहे. पण गावानं ती जागा पवित्र मानून जपली, नांगरली नाही, चिरे काढायला दिली नाही, म्हणून ती आज आपल्याला दिसते.

म्हणून आधी देवळात जाऊन या. गुरव असतील तर कुठून आलात, कशाला आलात ते सांगा. ते गाऱ्हाणं घालू म्हणाले तर हात जोडून उभे राहा, घाई करू नका. गाऱ्हाण्यात तुमचं नाव, तुमचं गाव आणि "सुखरूप परत ने" असं मागणं असतं, दोन मिनिटांचं काम. श्रद्धा असो वा नसो, तुम्ही कोण आहात हे गावाला यातून कळतं आणि सड्यावर कुणी भेटलं तर ओळख सांगायला सोपं जातं.

चित्राजवळ शेंदूर लावलेला दगड, नारळाची करवंटी, लाल फडकं दिसलं तर ती राखणदाराची, म्हणजे जागा राखणाऱ्या देवाची, जागा असते. तिथलं काही हलवू नका, त्यावर बसू नका, फोटोसाठी बाजूला करू नका. शंका आली तर सोबतच्या माणसाला विचारा की कुठून पुढे चप्पल चालत नाही.

*तपासा:* गावात सांगितलं? जमीनमालक कळला? सोबत कोण येतंय ते ठरलं? देवळात जाऊन आलात? यांतलं काही राहिलं असेल तर अजून सड्याकडे निघू नका.

टप्पा ६: सड्यावर चढताना

वाट बहुधा पाखाडीनं, म्हणजे दगडी पायऱ्यांनी, सुरू होते, मग कलमांच्या बागेतून किंवा गडग्याच्या कडेनं जाते. गडगा रचीव असतो, चुन्या-मातीशिवाय नुसता दगडावर दगड. त्यावरून उडी मारून गेलात की चार दगड ढासळतात आणि त्या खिंडारातून रात्री गुरं आत शिरतात. बेडं शोधा, आडवे बांबू सरकवून आत जा आणि ते पुन्हा होते तसे लावा. हे लावायचं विसरणं ही गावाला सगळ्यात जास्त त्रास देणारी चूक आहे. बागेतला आंबा, काजूचं बोंड, खाली पडलेलं असलं तरी उचलू नका.

वर पोचलात की सडा एकदम उघडा पडतो आणि वाटतं, आता कुठूनही जावं. इथे तीन गोष्टींपासून जपायचं.

पहिली, चिरेखाणी. जांभ्याचे चिरे काढलेल्या जुन्या खाणी सड्यावर तशाच सोडलेल्या असतात. कडा सरळ तुटलेल्या, खाली दहा-पंधरा फूट, आणि पावसाळ्यानंतर कित्येक महिने आत हिरवं पाणी. गवतामुळे काठ दिसत नाही. मोबाइलमध्ये पाहत चालू नका, मुलांना पुढे पळू देऊ नका.

दुसरी, आग. जानेवारीनंतर सड्यावरचं गवत काडेपेटीची वाट पाहत असल्यासारखं असतं. एका थोटकानं लागलेला वणवा उतारावरच्या मोहोरलेल्या बागांत जातो आणि वर्षाचं उत्पन्न तासाभरात जळतं. सड्यावर विडी-सिगारेट नाही, चहाची चूल नाही, काही नाही.

तिसरी, गाडी. सड्यावर चाकांची वाट दिसली तरी गाडी नेऊ नका. ज्या कातळावरून तुम्ही जाल त्यावर अजून कुणाच्या लक्षात न आलेलं चित्र असू शकतं. चाकाखाली जांभ्याची कड भुगा होते आणि ती परत येत नाही.

टप्पा ७: चित्र पाहणं

इथे घाई केली तर वरचं सगळं वाया गेलं. माझी पद्धत अशी.

पोचल्यावर वीस पावलं दूर थांबा, जोडे काढा, सगळं सामान एका बाजूला, चित्रापासून लांब ठेवा. लगेच पुढे जाऊ नका. सोबतचा माणूस हद्द दाखवेल: कुठून कुठपर्यंत चित्र आहे. कित्येक ठिकाणी गावकऱ्यांनी भोवती दगड मांडून ठेवलेले असतात, ती हद्द. ते दगड बसायला किंवा एकावर एक रचून मनोरा करायला घेऊ नका. कुणीतरी मांडलेल्या त्या दगडांमुळेच चित्र वाचलेलं असतं.

मग हद्दीच्या बाहेरून एक पूर्ण फेरी मारा. फेरी मारताना फोटो काढायचे नाहीत, नुसतं पाहायचं. सूर्य तुमच्या समोर असेल अशा बाजूला आलात की रेषा सगळ्यात गडद दिसतात, पाठीमागे असेल तेव्हा सगळ्यात पुसट. ती गडद बाजू सापडली की तिथेच गुडघ्यावर बसा. डोळे जमिनीच्या जितके जवळ न्याल तितकी सावली लांबते.

आता एक रेषा निवडा आणि फक्त तिचा पाठपुरावा करा. सुरुवात पायांपासून केलेली बरी. प्राण्यांचे पाय बहुधा समांतर रेषांनी दाखवलेले असतात आणि लवकर ओळखू येतात. पायावरून पोट, पोटावरून मान, मानेवरून तोंड. "हा प्राणी कोणता?" हा प्रश्न पाच मिनिटं लांबच ठेवा. आधी नाव ठरवलं की डोळा तेवढंच पाहतो आणि बाकीच्या रेषा सुटतात. कोकणात आज नसलेला गेंडासुद्धा या चित्रांत आहे. त्याला "रानडुक्कर असेल" म्हणून मोकळे झालेले लोक मी पाहिले आहेत.

कशेळीच्या हत्तीपाशी ही पद्धत नसेल तर काहीच हाती लागत नाही. जवळ उभं राहिल्यावर त्याचा एक पायच आपल्यापेक्षा मोठा, अख्खा प्राणी नजरेत मावत नाही. तिथे बाहेरून दोन फेऱ्या मारा. पहिल्या फेरीत नुसती बाह्यरेषा पकडा. ती मनात पक्की बसली की दुसऱ्या फेरीत आतली लहान चित्रं शोधा. आत पाय न टाकता, कडेला बसून, तिरक्या उन्हात एक एक सुटं होत जातं: आधी नुसता ओबडधोबड कातळ, मग एक शेपटी, मग तिच्यापुढे अंग. मी एका सकाळी दीड तास बसलो होतो आणि उठताना मला आणखी एक दिसलं.

बारसूला उलट करा. तिथे मधला माणूस आणि दोन्ही बाजूंचे वाघ हा एक देखावा आहे. सुटं सुटं पाहू नका. माणसाच्या पायांच्या बाजूला उभं राहिलं की तिन्ही आकृत्या एकमेकांशी जुळतात.

देवाचे गोठण्याला होकायंत्र बाहेर काढा. मोबाइल, किल्ल्या, कॅमेरा आधी बाजूच्या माणसाकडे द्या, नाहीतर त्यांच्यामुळेच सुई हलेल. होकायंत्र कमरेच्या उंचीवर आडवं धरा, चित्रापासून वीस-पंचवीस पावलं दूर उत्तर पाहून घ्या आणि हळूहळू आकृतीच्या बाजूला या. सुई उत्तर सोडून भरकटते. दोन पावलं इकडे तिकडे झालात की दिशा पुन्हा बदलते. हे करतानाही आकृतीच्या रेषांवर पाय पडता कामा नये. होकायंत्र टेकवायचंच झालं तर बाहेरच्या कातळावर.

चुका सांगायच्या तर सगळ्यात मोठी म्हणजे रेषेत पाणी ओतणं. पाण्यानं रेषा क्षणभर उठून दिसते खरी, पण शेवाळाला तेवढाच ओलावा पुरतो, आणि दिवसाला दहा माणसांनी दहा बाटल्या ओतल्या की ती जागा कायम ओली राहते. रेषेतली माती बोटानं किंवा काडीनं काढणं ही दुसरी. "जरा साफ केलं" असं वाटतं. पण रेषेची झिजलेली कडही अभ्यासकाच्या कामाची असते आणि ती तुमच्या काडीनं नवी होते. तिसरी म्हणजे चित्रावर आडवं पडून, हात पसरून फोटो. ती मापं दाखवायला करतात म्हणे. मापासाठी बाहेर, कडेला पेन्सिल ठेवा.

वयाबद्दल एक विनंती. सोबतच्या मुलांना "ही दहा हजार वर्षांपूर्वीची" असं छातीठोक सांगू नका. या चित्रांच्या काळाबद्दल अभ्यासकांचं अजून एकमत झालेलं नाही. "खूप जुनी आहेत, किती जुनी ते शोधणं चालू आहे" हे मुलांना जास्त आवडतं, आणि मग ती स्वतः प्रश्न विचारू लागतात.

टप्पा ८: वही आणि कॅमेरा

आधी वही. पाच मिनिटांत, वाईट का होईना, चित्राची बाह्यरेषा काढा. काढताना हाताला ज्या जागी अडतं, तिथे डोळ्यानं काहीतरी गाळलेलं असतं. पुन्हा पाहा. पानावर तारीख, वेळ, गाव आणि सूर्य कोणत्या बाजूला होता ते लिहा.

मग फोटो. एक लांबून, सड्यासकट. एक चारी कोपरे मावतील असा. मग तपशिलाचे, आणि प्रत्येक तपशिलाआधी बाजूला पेन्सिल ठेवून एक. फ्लॅश समोरून मारू नका, त्यानं सावली मरते. सोबतच्या गावकऱ्याचा फोटो विचारून काढा. एवढंच पुष्कळ झालं.

टप्पा ९: उतरताना आणि घरी गेल्यावर

सूर्य टेकायच्या आत सड्यावरून उतरा. अंधार पडला की चिरेखाण आणि पाऊलवाट यांतला फरक कळत नाही. कचऱ्यात केळ्याची सालंही मोजा. बेडं लावलं का ते मागे वळून पाहा. गाडीकडे जाण्याआधी ज्यांनी वाट सांगितली त्यांना "आलो परत" एवढं सांगून जा. तुम्ही वर असेपर्यंत कुणीतरी खाली लक्ष ठेवून असतं.

घरी आल्यावर फोटो टाकताना गावाचं नाव लिहा, पण यादीबाहेरच्या, विनासंरक्षण जागेचं नेमकं ठिकाण नकाशावर टाकू नका. अशा खुणेमागून पुढच्या महिन्यात गाड्या येतात, आणि त्यांच्यासोबत आजी नसतात.

चालताना कधी नवी रेषा दिसली, कुणी नोंदवलेली नाही असं वाटलं, तर उकरू नका, साफ करू नका, दगड रचून खूण करू नका. दोन-तीन फोटो, जवळचं झाड किंवा गडगा दिसेल असे, आणि गावातल्या माणसाला सांगा. त्यानंतर पुरातत्त्व विभागाच्या रत्नागिरीतल्या कार्यालयाला कळवा. नवी वाटलेली रेषा पुष्कळदा चिरे काढताना मारलेली खूण निघते. तसं निघालं तरी वाईट वाटून घेऊ नका, पुढच्या वेळी फरक ओळखता येतो: चिऱ्यासाठी मारलेली रेघ सरळ आणि कडा धारदार असतात, जुन्या चित्राची रेषा वळते आणि कडा गोल झालेल्या असतात.

आणि वर नेणाऱ्याचा जो फोटो काढला असेल, त्याची कागदावर प्रत काढून पोस्टानं पाठवा. पाकिटावर नावापुढे वाडी लिहायला विसरू नका. एकाच आडनावाची तीस घरं असतात, वाडी नसेल तर पोस्टमनला घर सापडत नाही.